मॅनर कोर्ट: मालकाच्याच दारात कुळाला न्याय मिळायचा का?

प्रश्न असा आला आहे: मध्ययुगीन इंग्लंडमधला जमीनदार आपल्या मॅनरवर, म्हणजे जहागिरीवर, स्वतःचंच कोर्ट भरवायचा आणि तिथला दंडही त्याच्याच तिजोरीत जायचा. मग त्या कोर्टात उभ्या राहिलेल्या कुळाला न्याय मिळायचा, की सगळा नुसता देखावा होता? आणि जमीन नक्की कुणाची, मालकाची की कसणाऱ्याची?

मी कायद्याचा इतिहास शिकवतो आणि या कोर्टांच्या नोंदी वाचणं हे माझं नेहमीचं काम आहे, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो. दोन कुळांमधल्या भांडणात तिथे बऱ्यापैकी न्याय मिळायचा. गावातल्या बड्या कुळाशी गाठ पडली तर छोट्याचं काही खरं नसायचं. आणि खुद्द मालकाशी वाद असेल तर बहुतेकदा पदरी निराशाच. पण एवढ्यावर थांबलं तर मुद्द्याची गोष्ट राहून जाते. या कोर्टातून कुळांच्या हाती हळूहळू जे लागलं, ते तिथल्या लेखी नोंदीमुळे. ज्या चर्मपत्रावर ‘हा बांधील’ असं लिहून माणसाला अडकवलं जायचं, त्याच चर्मपत्रावर ‘हा तुकडा याच्याकडे’ हेही लिहिलं जायचं. पुढे दीड-दोनशे वर्षांत पहिल्या ओळीतला जोर गेला, दुसरी मात्र टिकली.

आधी माणसं बघू. तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधली ढोबळमानाने निम्मी कुळं बांधील, म्हणजे मालकाला जखडलेली होती, बाकीची मुक्त. मुक्त कुळाची जमीन कुणी हिसकावली तर ते राजाच्या कोर्टात जाऊ शकत होतं. बांधील कुळाला, म्हणजे व्हिलेनला, जमिनीच्या बाबतीत ती वाट बंद होती. मालकाने फक्त एवढंच म्हणायचं की ‘हा माझा व्हिलेन आहे’; ते खरं ठरलं की राजाचे न्यायाधीश हात झटकत. त्यामुळे मॅनर कोर्ट हेच त्याचं पहिलं आणि शेवटचं कोर्ट. त्याच्याकडे साधारण एक व्हर्गेट, म्हणजे तीसेक एकर किंवा त्याच्या निम्मी जमीन असायची, तीही गावाच्या दोन-तीन मोठ्या मोकळ्या शेतांत पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेली. बदल्यात मालकाच्या शेतावर वेठ: बऱ्याच मॅनरवर आठवड्याचे दोन-तीन दिवस, सुगीत त्याहून जास्त. मुलीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे. दळण मालकाच्याच गिरणीवर. कूळ मेलं की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं; अनेक ठिकाणी त्याच्या खालचं दुसरं चर्चकडे जायचं. घरात प्रेत आणि अंगणातून दोन जनावरं बाहेर, असा तो हिशेब.

आता कोर्ट. मॅनरच्या मोठ्या घराच्या दालनात, कधी चर्चमध्ये, कधी एखाद्या झाडाखालीही ते भरायचं. रिवाजाने दर तीन आठवड्यांनी. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तितक्या नेमाने नाही. वर्षातून दोनदा मोठी बैठक, एक ईस्टरच्या सुमारास आणि दुसरी मायकेलमसच्या, म्हणजे २९ सप्टेंबरच्या आसपास. त्या मोठ्या बैठकीत राजाने मालकाला सोपवलेली किरकोळ फौजदारी कामंही व्हायची: मारामाऱ्या, रस्ता अडवणं, वजनमापं, बिअर आणि पावाचे दर. बारा वर्षांवरचा प्रत्येक पुरुष दहा-दहाच्या गटात नोंदला आहे का, हेही तेव्हाच तपासायचे. गटातल्या एकाने गुन्हा केला तर बाकीच्यांनी त्याला हजर करायचं.

अध्यक्षस्थानी मालकाचा कारभारी, स्टुअर्ड. तो बहुधा बाहेरचा, मालकाचे अनेक मॅनर फिरत सांभाळणारा, कायदा जाणणारा माणूस. सोबत लॅटिनमध्ये नोंद करणारा कारकून. इथेच बहुतेकांची गफलत होते. स्टुअर्ड बैठक चालवायचा, पण निकाल द्यायची जबाबदारी हजर असलेल्या कुळांवर होती. हजर राहणं हे जमिनीबरोबर आलेलं कर्तव्य. न आल्यास दंड, येता येत नसेल तर निरोप पाठवून रीतसर माफी मागायची. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम हळूहळू शपथ घेतलेल्या बारा किंवा त्याच्या आसपास पंचांकडे गेलं. ‘आमच्या गावचा रिवाज काय’ या प्रश्नाला उत्तर पंच द्यायचे, स्टुअर्ड नाही. दंडाचा आकडासुद्धा दोन-तीन कुळंच शपथेवर ठरवायची. १२१५ च्या मॅग्ना कार्टात हे तत्त्व आलं आहे: व्हिलेनला दंड करताना त्याची शेती चालवायची साधनं शाबूत ठेवायची, आणि दंड शेजारच्या भल्या माणसांच्या शपथेवर ठरवायचा.

म्हणजे मालकाच्या कोर्टात मालकाची सत्ता गावातल्या माणसांच्या तोंडून चालायची. त्याचा फायदा होता आणि तोटाही. तोटा हा की पंच, मुकादम, पिकांचा राखणदार, बिअर चाखून दर ठरवणारे, ही सगळी पदं त्याच दहा-पंधरा घरांत फिरायची. सलग नोंदी वाचायला घेतल्या की वर्षभरातच ही नावं तोंडपाठ होतात.

याचं एक उदाहरण मला फार आवडतं. हंटिंग्डनशायरमधलं एल्टन हे रॅमसीच्या मठाचं गाव. १२७० च्या दशकाच्या अखेरीस तिथला मुकादम मायकेल याने दोन गावकऱ्यांविरुद्ध आणि त्यांतल्या एकाच्या बायकोविरुद्ध अब्रूनुकसानीची तक्रार केली. म्हणे रविवारी चर्चच्या आवारात, सगळ्या गावादेखत, त्यांनी त्याला वाटेल ते बोललं. काय बोलले, ते कारकुनाने नीट उतरवलं आहे, आणि तीच खरी मौज. मठासाठी असलेली वेठ वापरून यानं आपलं गवत उचललं. मठाच्या कुळांकडून स्वतःचं पीक कापून घेतलं. गावच्या नांगरांनी आपलं रान नांगरून घेतलं. ज्यांनी त्याला स्वस्तात जमीन खंडाने दिली त्यांना वेठीतून सूट दिली. आणि श्रीमंतांकडून भेटी घेऊन रोख खंडाचा बोजा गरिबांवर टाकला. पंचांनी चौकशी करून मायकेलला निर्दोष ठरवलं, दहा शिलिंग भरपाई दिली. त्यातले दोन ठेवून बाकीचे त्याने सोडून दिले.

आता हा निकाल खरा की खोटा? पंच मायकेलच्याच वर्तुळातले होते, हे उघड आहे. पण आठ शिलिंग सोडून देणारा माणूस गावात पुन्हा तोंड दाखवायची सोय करत होता, असं मला वाटतं. आरोपांची यादी इतकी नेमकी आहे की मुकादमाच्या जागेवरून काय काय करता येतं, हे गावातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. मुकादम स्वतः बांधील कूळ असायचा, बहुधा गावाने निवडलेला, आणि वर्षाअखेर मालकाला पैन् पैचा हिशेब द्यायचा. काहीजण तर हे पद गळ्यात पडू नये म्हणून उलट पैसे भरायचे.

जमिनीच्या व्यवहारांवर मी मुद्दाम थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण कोर्टाचं खरं काम तिथे दिसतं. बांधील जमीन एका कुळाकडून दुसऱ्याकडे थेट जात नसे. देणारा कोर्टात येऊन जमीन मालकाच्या हाती ‘परत’ करायचा. त्याची खूण म्हणून स्टुअर्डच्या हाती एक काठी द्यायचा. मग स्टुअर्ड तीच काठी घेणाऱ्याच्या हाती द्यायचा. घेणारा निष्ठेची शपथ घ्यायचा, नजराणा भरायचा, आणि कारकून लिहायचा: अमुक आला, अमुक जमीन मालकाच्या हाती सोपवली, तमुक याने ती घेतली, त्याला आणि त्याच्या वारसांना, मालकाच्या मर्जीने व मॅनरच्या रिवाजाप्रमाणे, नजराणा इतका, जामीन हे. आपल्याकडे तलाठ्याकडे फेरफार होतो तसाच हा प्रकार, फक्त इथे तो सगळ्या गावासमोर आणि तोंडी विधीसह व्हायचा. नजराणा काही शिलिंगांपासून कित्येक पौंडांपर्यंत. सॉमरसेटमधल्या टाँटनला विंचेस्टरच्या बिशपची जमीन होती, तिथले आकडे बघून डोळे पांढरे होतात. तुलनेसाठी लक्षात ठेवा: पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगाचे बारा पेन्स, आणि १३०० च्या सुमारास साध्या मजुराची दिवसाची मजुरी पेनी-दीड पेनी.

या नोंदींत घरं उघडी पडतात. बेडफर्डशायरमधल्या क्रॅनफील्डची १२९४ ची नोंद घ्या. एलियास द ब्रेटेंडन नावाच्या कुळाने आपलं घर आणि अर्धा व्हर्गेट मुलगा जॉन याच्या नावे केला. अट अशी: जॉनने एलियास आणि त्याची बायको क्रिस्टिना यांना जन्मभर योग्य ते अन्नपाणी द्यायचं आणि दोघांनी जॉनबरोबर मुख्य घरातच राहायचं. इथवर ठीक. पुढचं कलम बघा. जर, देव न करो, त्यांच्यात भांडणं होऊन एका घरात राहणं अशक्य झालं, तर जॉनने आईबापांना वेगळं घर आणि परसू द्यायचं, आणि दर मायकेलमसला धान्य मोजायचं: तीन क्वार्टर गहू, दीड क्वार्टर सातू, दीड क्वार्टर वाल आणि वाटाणे, एक क्वार्टर ओट. एक क्वार्टर गहू म्हणजे सुमारे दोनशे किलो. अर्ध्या व्हर्गेटमधून हे देणं जॉनला जडच गेलं असणार. पण म्हातारा शहाणा. मुलाच्या प्रेमावर त्याचा विश्वास असेलही. धान्याची मापं मात्र त्याने कोर्टाच्या कागदावर चढवून ठेवली. मुलाने शब्द फिरवला तर जमीन परत मागायला आधार हवा. असे करार शेकड्यांनी सापडतात, आणि मोडल्याबद्दल मुलांना झालेले दंडही.

वारसा कुणाला, हे प्रत्येक मॅनरच्या रिवाजावर. कुठे थोरला मुलगा, कुठे सगळ्यात धाकटा. विधवेला कुठे एक तृतीयांश, कुठे अर्धी, कुठे सगळी जमीन तहहयात. काही ठिकाणी दुसरं लग्न केलं की ती जायची. बायका इथे फक्त विधवा म्हणून दिसतात असं मात्र नाही. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या ब्रिगस्टॉकची सेसिलिया पेनिफादर ही अविवाहित बाई तिथल्या नोंदींमधून पुन्हा पुन्हा भेटते. १३१५ पासून सलग काही वर्षं पावसाने पिकं कुजली, मोठा दुष्काळ पडला, लोकांनी पोटासाठी तुकडे विकले. तेव्हा ही बाई विकत घेत होती. १३४४ मध्ये ती वारली आणि तिच्या जमिनीवरून नातेवाइकांत कोर्टात जुंपली. दुष्काळ एकाला बुडवतो आणि दुसऱ्याला वर काढतो, हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येतं; इथे ते नावानिशी दिसतं.

रोजची भांडणं आपल्याला परकी वाटणार नाहीत. शेजाऱ्याने बांध कोरला. त्याचं डुक्कर माझ्या वाटाण्यात शिरलं. उसने घेतलेले चार शिलिंग परत देत नाही. मला चोर म्हणाला. कर्जाच्या दाव्याला चाळीस शिलिंगांची मर्यादा होती. त्याच्या वरचं प्रकरण राजाच्या कोर्टात. प्रत्येक टप्प्यावर जामीन लागायचा आणि पक्षकार आला नाही तर जामिनालाही दंड. पुराव्याची एक जुनी पद्धत अशी की आरोप नाकारणाऱ्याने पुढच्या बैठकीला पाच माणसं आणायची आणि सहा जणांनी मिळून शपथ घ्यायची. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण ज्याला गावात पाच शेजारी शपथेला मिळत नाहीत त्याच्याबद्दल गावाचं मत काय असेल, याचा विचार करा. आणि बरेच दावे निकालापर्यंत जातच नसत. समेटासाठी दिवस दिला जायचा, दोघं बाहेर मिटवायचे आणि ‘समेटाची परवानगी’ म्हणून तीन पेन्स किंवा सहा पेन्स भरायचे. कोर्टाचं उत्पन्न बुडायला नको ना.

दंडाबद्दल एक गोष्ट नवीन वाचकाला हमखास चकवते. नोंदींमध्ये दर बैठकीला तीच ती दहा-वीस घरं ‘बिअरचा नियम मोडला’ म्हणून दोन-तीन पेन्स भरताना दिसतात, बहुतेक त्या घरच्या बायका. गाव गुन्हेगारांनी भरलेलं होतं असा अर्थ काढू नका. बिअर विकायची तर हे पैसे द्यायचेच, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. व्यवहारात तो परवाना-कर होता. लग्नाबाहेर शरीरसंबंध ठेवल्याबद्दल बांधील बायकांकडून घेतलेल्या दंडाचं असंच आहे, फक्त तिथे पैशाबरोबर अपमानही पदरात पडायचा, आणि पुरुषाचं नाव बहुतेकदा नोंदीत येत नाही.

गावाचे स्वतःचे नियमही इथेच ठरायचे. सुगीच्या दिवसांत ते कडक होत. कापणी झाल्यावर सरवा वेचायचा हक्क म्हाताऱ्यांना, लहानांना, दुबळ्यांना. जो धडधाकट माणूस दिवसाला पेनी आणि जेवण मिळवू शकतो त्याने सरवा वेचायचा नाही, कापणीलाच जायचं. रात्री पेंढ्या वाहायच्या नाहीत. गुरं ठरलेल्या दिवसाआधी रानात सोडायची नाहीत. सोडली तर राखणदार ती कोंडवाड्यात घालणार. दयाळूपणा आणि स्वार्थ यांची अशी घट्ट वीण क्वचितच दिसते: दुबळ्याला सरवा मिळतो, पण त्याच नियमाने मोठ्या कुळाला सुगीत स्वस्त मजूरही मिळतो.

आता अवघड भाग, मालकाविरुद्धचा न्याय. मालक रिवाज मोडून वेठ वाढवू लागला तर कुळांपुढे दोनच मार्ग. एक, पंचांनी कोर्टात ठामपणे सांगायचं की ‘रिवाज असा नाही’. हे वाटतं तेवढं पोकळ नव्हतं. पीक रानात उभं असताना पूर्ण गाव कामाला आलं नाही तर मालकाचं नुकसान होतं, आणि स्टुअर्डला ते कळायचं. दुसरा मार्ग म्हणजे आपण बांधील नाहीच असं राजाच्या कोर्टात सिद्ध करणं. बर्मिंगहॅमजवळच्या हेल्सओवेनची कुळं तेराव्या शतकात तिथल्या मठाशी वर्षानुवर्षं भांडली आणि शेवटी हरली. १३७७ मध्ये तर दक्षिणेतल्या चाळीसेक गावांनी पैसे भरून १०८६ च्या डूम्सडे पुस्तकातल्या, म्हणजे राजाने करून घेतलेल्या जमीन-पाहणीतल्या, आपापल्या गावच्या नोंदीच्या अधिकृत नकला काढून घेतल्या. जमीन जुनी राजाची होती असं त्यातून निघालं तर मालकाला वाढीव वेठ मागता येणार नाही, असा त्यांचा तर्क. कायद्याने तो फारसा टिकला नाही आणि जमीनदारांनी पार्लमेंटात ओरड केली. पण लिहिता-वाचता न येणारे शेतकरी तीनशे वर्षांपूर्वीच्या दफ्तराची नक्कल मागतात, यावरून कागदाची ताकद त्यांना किती नीट कळली होती ते दिसतं.

गिरणीचं प्रकरणही याच जातीचं. सेंट ऑल्बन्सच्या मठाने लोकांना घरच्या जात्यावर दळायला बंदी केली होती. १३३० च्या दशकाच्या सुरुवातीला मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्डने जाती जप्त केली आणि मठात फरशी म्हणून बसवली. (हा तोच रिचर्ड, ज्याने खगोलशास्त्रीय घड्याळ बनवलं, बुद्धी आणि उदारपणा एकत्र नांदतातच असं नाही.) पन्नास वर्षांनी, १३८१ च्या शेतकरी उठावात, लोकांनी मठात घुसून ती जाती उखडली, फोडली आणि तुकडे आपसांत वाटून घेतले. तिथल्या एका भिक्षूने लिहिलं आहे की चर्चमध्ये पवित्र भाकर वाटावी तसे ते वाटले.

त्या दोन तारखांच्या मध्ये काळी महामारी येऊन गेली. १३४९ च्या उन्हाळ्यातल्या नोंदी वाचताना हात थबकतो. एरवी एखाद-दुसरा मृत्यू असणाऱ्या बैठकीत पानंच्या पानं तेच: अमुक मेला, सर्वोत्तम जनावर इतक्या किमतीचं, वारस तमुक, आणि थोडं खाली, तमुकही मेला. हेल्सओवेनला प्रौढ पुरुष कुळांपैकी सुमारे चाळीस टक्के माणसं गेली. आणि तरीही कोर्ट भरत राहिलं, कारकून लिहीत राहिला. पुढच्या दशकांत जमीन भरपूर आणि माणूस दुर्मीळ झाला. १३५१ च्या कायद्याने मजुरी जुन्या दरावर बांधायचा प्रयत्न झाला, पण कुळांना आता घासाघीस करता येत होती. एका मालकाकडे जमलं नाही तर रात्रीतून दुसऱ्या गावी. कोर्ट आदेश काढत बसायचं की पळालेल्या व्हिलेनला धरून आणा. दर बैठकीला तोच आदेश, तेच नाव, वर्षानुवर्षं. कुणी धरून आणत नसे. त्याच गावात त्याचे भाऊबंद पंच होते, ते कशाला आणतील?

१३८१ च्या जूनमध्ये एसेक्स, केंट, सफोक, नॉरफोक, हर्टफर्डशायर पेटले तेव्हा ठिकठिकाणी मॅनर कोर्टाच्या गुंडाळ्या, म्हणजे गुंडाळून ठेवलेली नोंदींची चर्मपत्रं, चौकात आणून जाळल्या. लोकांनी घरं लुटली, माणसं मारली, हे झालंच; पण दफ्तर शोधून जाळायची शिस्त लक्षात घेण्यासारखी आहे. बांधीलकीचा पुरावा तिथेच होता. अडचण ही की जमीन कुणाकडे आहे याचा पुरावाही तिथेच होता. त्यामुळे उठाव चिरडल्यावर अनेक मॅनरवर पुढच्या बैठकांना कुळं आली आणि आपापली जमीन पुन्हा नोंदवून घेतली, काहींनी त्यासाठी नव्याने नजराणा भरला.

यातूनच पुढचं वळण येतं. जमीन घेताना गुंडाळीतल्या नोंदीची नक्कल कुळाच्या हाती देण्याची पद्धत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ झाली. पंधराव्या शतकात वेठ बहुतेक ठिकाणी रोख खंडात बदलली, व्हिलेन म्हणून हिणवणं विरत गेलं, आणि कुळाच्या पेटीत राहिली ती ही नक्कल. अशा कुळांना कॉपीहोल्डर म्हणू लागले. मग राजाच्या न्यायाधीशांनाही त्यांच्याकडे पाहावं लागलं. आधी चॅन्सरीने, म्हणजे राजाच्या चॅन्सलरच्या कोर्टाने, त्यांच्या तक्रारी ऐकायला सुरुवात केली. १४६७ मध्ये मुख्य न्यायाधीश डॅन्बी आणि १४८१ मध्ये ब्रायन यांनी मत दिलं की रिवाजाप्रमाणे सगळी देणी देणाऱ्या अशा कुळाला मालकाने हुसकावलं तर ते मालकावर दावा करू शकतं. पक्का कायदा व्हायला सोळावं शतक उजाडलं, आणि तोवर कुंपणं घालून मेंढ्या पाळणाऱ्या मालकांनी कितीतरी गावं रिकामी केली होती. ज्यांची नक्कल कच्ची, किंवा हक्क फक्त काही वर्षांचा, ती कुळं गेली.

म्हणून ‘जमीन कुणाची’ याचं उत्तर काळाप्रमाणे बदलतं. १३०० मध्ये राजाच्या कायद्यात ती मालकाची, गावाच्या रिवाजात कुळाच्या घराण्याची, आणि दोन्ही एकाच वेळी खरं. १६०० मध्ये वारसाहक्काचा कॉपीहोल्डर जवळजवळ मालकच. आणि ही पद्धत कायद्याने संपली कधी? १९२२ च्या कायद्याने, १ जानेवारी १९२६ पासून. यॉर्कशायरमधल्या वेकफील्ड मॅनरच्या गुंडाळ्या १२७४ पासून १९२५ पर्यंत चालतात त्या त्यामुळेच. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्सटन गावात मोकळ्या शेतांची पद्धत आजही आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथले पंच रानात फिरून कुणी सामायिक रस्त्याची पट्टी नांगरात घेतली का ते पाहतात, आणि नंतर भरणारं कोर्ट दंड करतं.

मराठी वाचकाला इथे गोतसभा, मिरासदार आणि उपरी आठवणारच. ही तुलना नवी नाही. हेन्री मेन १८६२ ते १८६९ कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा सदस्य होता. परत गेल्यावर १८७१ मध्ये त्याने भारतीय गावांच्या आधारे असं मांडलं की इंग्लिश मॅनर हे मूळच्या ग्रामसमूहावर सरदाराने चढवलेलं कलम आहे. नंतरच्या अभ्यासकांनी त्या मांडणीची बरीच चिरफाड केली. माझा सल्ला, तुलना मनात ठेवा पण घाईने जुळवू नका. आपल्या पाटलाकडे वतन होतं, एल्टनचा मुकादम मठाचा बांधील होता. एवढ्या एका फरकाने दोघांच्या गावातल्या वजनाचा सगळा पाया बदलतो.

स्वतः वाचायचं असेल तर निवडक गमतीशीर खटल्यांच्या संग्रहापासून सुरुवात करू नका. तिथे फक्त असामान्यच भेटतं. एका गावाच्या सलग दहा वर्षांच्या नोंदी घ्या. वेकफील्डच्या सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी इंग्रजी भाषांतरासह छापलेल्या आहेत, लॅटिन येत नसलं तरी अडत नाही. वहीत प्रत्येक नावापुढे चार रकाने करा: पंच किती वेळा, जामीन किती वेळा, दंड कशासाठी, जमीन घेतली की सोडली. निकाल आधी बाजूला ठेवा. जो माणूस दहा वर्षांत एकदाही कुणाचा जामीन झाला नाही आणि ज्याचा जामीन दर वेळी फक्त मुकादमच झाला, त्याचा दावा उघडा आणि मग ठरवा त्याला न्याय मिळाला का.